वडूजमध्ये चांगली मटण खानावळ कशी ओळखावी

वडूज हे खटाव तालुक्याचं ठिकाण, येरळा नदीच्या काठी वसलेलं. तहसील कचेरीत दाखला काढायला, कोर्टात तारखेला, बाजारात खरेदीला रोज बाहेरगावची माणसं इथं येतात. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण हुतात्मा झाले. त्यांच्या स्मारकापुढं नतमस्तक व्हायलाही लोक येतात. कुणी कशासाठीही आलेलं असो, दुपारी एक वाजला की प्रश्न एकच असतो : चांगलं मटण कुठं मिळेल?

या प्रश्नाला एका खानावळीचं नाव सांगून उत्तर देता येतं, पण ते फार दिवस टिकत नाही. आचारी बदलतो, मालक बदलतो, हायवेला नवं हॉटेल निघालं की जुन्याची रया जाते. त्यापेक्षा खानावळीचं काम कसं चालतं हे समजून घेतलं, तर वडूजच काय, दहिवडी, म्हसवड, विटा, आटपाडी कुठंही गेलात तरी नेमकं दार सापडतं.

आधी वार पाहा

आपल्या भागात मटणाला वार असतात. रविवार, बुधवार, शुक्रवार हे खाण्याचे. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत पाळतात, एकादशी वेगळीच. श्रावणात आणि नवरात्रात तर कित्येक खानावळींची चूल थंडच असते. पाळणुकीच्या वारी मटणाचं ताट मागितलं, तर ते आदल्या दिवशीचं असण्याचा संभव जास्त. म्हणून पहिला नियम : खाण्याच्या वारी, दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान जावं. सकाळी कापलेलं बोकड त्या वेळी नुकतंच शिजून उतरलेलं असतं.

यात्रांचा हंगाम मात्र जपून घ्यावा. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या तालुक्यांतली हजारो कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. गावची यात्रा आणि लग्नसराई आली की ती गावाकडं परततात. त्या दिवसांत बोकडांचे भाव चढतात, खानावळींवर गर्दी लोटते आणि एरवी नेमकं शिजवणाऱ्या हातालाही घाई होते. अशा दिवसांतल्या एका ताटावरून खानावळीची किंमत करू नये.

विचारायचं कुणाला

‘इथलं प्रसिद्ध हॉटेल कोणतं?’ असं विचारलं की ज्याची पाटी मोठी त्याचं नाव कानावर येतं. त्याऐवजी, ‘घरी पाव्हणं आलं आणि बाहेर जेवायचं ठरलं, तर कुठं नेता?’ असं विचारा. पाव्हण्यापुढं मान खाली जाईल अशा ठिकाणी आपल्याकडं कुणी कुणाला नेत नाही, त्यामुळं उत्तर खरं मिळतं.

एसटीचे चालक-वाहक, कोर्टातले कारकून, बाजारातले हमाल आणि व्यापारी यांना विचारावं. ही माणसं रोज बाहेर जेवतात, खिशाला परवडेल असंच जेवतात आणि पोट बिघडलं तर त्यांचा दिवस बुडतो. दोन वेगळ्या धंद्यांतल्या माणसांनी एकच नाव घेतलं, की तिसऱ्याला विचारायची गरज नाही.

बोकडापासून रश्श्यापर्यंत

पावसाची ओढ असलेल्या या भागात शेळ्या-मेंढ्यांवर कित्येक घरं उभी आहेत. सांगली जिल्ह्यात आटपाडीचा शनिवारचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार मोठा. जत तालुक्यातली, गरुडनाकाची माडग्याळी मेंढी लांबलांबून लोक शोधत येतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं तर सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळी कोकरं देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. म्हणजे चांगला माल इथं दारात आहे. तो निवडायचा कसा, हे खानावळवाल्याचं पहिलं कसब.

जाणकार माणूस बोकडाचे दात बघतो. दुधाचे दात असलेलं ते अदात. पुढची पहिली जोडी पडून कायमचे दोन दात आले की ते दोनदाती, साधारण वर्ष-दीड वर्षाचं. खानावळीला अदात किंवा दोनदाती बोकड लागतं. वय वाढलं की मांसातली सांधणारी तंतुमय चिवट जाळी घट्ट होत जाते आणि कितीही शिजवलं तरी तुकडा दाताखाली रबरासारखा ओढला जातो. कोवळ्या मांसातली हीच जाळी मंद आचेवर सावकाश विरघळते. बिनमसाल्याचा अळणी रस्सा बोटांना किंचित चिकट लागतो तो त्यामुळं. भडक जाळावर घाईनं शिजवलेल्या मटणात पाणी वेगळं आणि तुकडा वेगळा राहतो.

बोकडाचं आहे की मेंढराचं, हेही विचारायला लाजू नये. बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांत शेळी-बोकडाचं चालत नाही, मेंढराचंच लागतं. मेंढराच्या मटणात चरबी जास्त आणि वास उग्र असतो. कुणाला तोच आवडतो. चांगला खानावळवाला असेल ते सरळ सांगतो.

मटण चुलीवर चढतं ते आधी अळणी म्हणून. आलं-लसूण, हळद, मीठ आणि थोड्या तेलात तुकडे परतायचे, झाकणावर पाणी ठेवायचं आणि तेच गरम पाणी वरून घालत शिजवायचं. हे अळणी पाणी लहान मुलाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला देतात. यातूनच पुढं दोन वाटा फुटतात. काही तुकडे चटणीत आणि वाटणात परतून सुकं होतं, उरलेल्यांवर फोडणी देऊन रस्सा होतो.

चटणी म्हणजे आपल्याकडचा कांदा-लसूण मसाला. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, देठ खुडून, खडा मसाला तेलात तळून, कांदा-लसूण-खोबरं घालून ती डंकावर कुटून आणतात आणि वर्षभर पुरवतात. घरची चटणी वापरणाऱ्या खानावळीची चव वर्षभर एकसारखी राहते. पुडीवर चालणाऱ्या ठिकाणी ती दर महिन्याला बदलते. म्हणून ‘चटणी घरची का?’ हा प्रश्न जरूर विचारावा. घरची असेल तर मालक मिरची कुठली, कुटली कुठं, सगळं आपणहून सांगू लागतो.

भाकरीची परीक्षा

मटणाची परीक्षा अवघड वाटली, तर भाकरीची करा. ती डोळ्यांपुढं होते.

बाजरीच्या पिठाला गव्हासारखी चिवट ताण धरणारी शक्ती नसते. म्हणून भाकरी करणारी मावशी परातीत पिठाला आळं करते, गरम पाणी घालते आणि तळहाताच्या टाचेनं पीठ मळत राहते. गोळा मऊ झाला, कडा फुटेनाशा झाल्या, की परातीत कोरडं पीठ भुरभुरून दोन्ही हातांनी थापते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. त्यावर ती पाण्याचा हात फिरवते आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत भाकरी उलटते. मग तवा बाजूला करून भाकरी जाळाशी उभी धरते. आतल्या ओलाव्याची वाफ होते, वरचा पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते.

यातली एकही पायरी चुकली की भाकरी बोलते. कडा चिरलेल्या असतील, तर मळणं कमी पडलं किंवा पीठ जुनं आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना मोडते. बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त, त्यामुळं दळून ठेवलं की थोड्याच दिवसांत त्याला कडवटपणा येतो. बाजरीची भाकरी नुसती, रस्सा न लावता, एक घास खाऊन बघा. गोडसर लागली, तर त्या खानावळीत दळण ताजं आहे. जी बाई दर दोन-चार दिवसांनी ताजं दळण आणते, ती शिळ्या मटणाला हात लावत नाही, असं खुशाल समजावं.

भाकऱ्यांची चळत आधीच करून फडक्यात झाकून ठेवलेली दिसली, तर ‘मावशी, दोन गरम टाकता का?’ म्हणून सांगावं. ‘थोडं थांबावं लागंल बरं का’ असं उत्तर आलं, तर निर्धास्त थांबावं.

ताट पुढ्यात आल्यावर

आधी अळणी प्यावं. त्यात मसाल्याचा आडोसा नसतो. मटण ताजं आहे की नाही ते पहिल्या घोटाला कळतं. मग सुक्यातला एक तुकडा घ्यावा. मांस हाडापासून बोटानं सुटलं पाहिजे, पण तुकड्याचा भुगा होता कामा नये. कच्ची पपई लावून मटण लवकर मऊ करता येतं, मात्र पपई जास्त झाली की मांस पिठूळ लागतं.

शेवटी रस्सा. वर आलेला कट लाल असावा आणि त्याला भाजलेल्या खोबऱ्याचा वास यावा. रस्सा चिमटीत घेऊन बघा. बोटांवर धुऊनही न जाणारा लालभडक डाग राहिला, तर तो मिरचीचा नव्हे, रंगाचा. अशा रंगाची मटणाच्या रश्श्याला काही गरज नाही. चांगल्या रश्श्याचा तिखटपणा जिभेवर चढतो आणि उतरतोही. घशात जाळ ठेवून जात नाही. भाकरी चुरून, वर रस्सा ओतून खाल्ला की दोन्हींची पारख एकदमच होते.

स्वच्छता आणि परवाना

खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. तो भिंतीवर दिसतो का ते पाहा. दुष्काळी भागात पाण्याची टंचाई ठरलेली, म्हणून पिण्याचं पाणी कुठलं आहे ते विचारा आणि ताटं कशी धुतात त्याकडं नजर टाका. एकाच बादलीत दिवसभर ताटं बुचकळणाऱ्या ठिकाणाहून, मटण कितीही नावाजलेलं असो, उठून यावं.

मटण न खाणाऱ्यांसाठी

सोबत माळकरी किंवा वार पाळणारं कुणी असलं, तर अख्खा मसूर, भरलं वांगं, पिठलं, खर्डा मागावा. इस्लामपूर-कराड भागातल्या ढाब्यांनी अख्ख्या मसुराला मोठं नाव मिळवून दिलं आहे आणि तो सातारा-सांगलीत आता सगळीकडं मिळतो. मात्र त्याला मटणाचा डाव लागत नाही ना, हे आधी विचारून घ्यावं. पुष्कळ खानावळी चूल आणि भांडी वेगळी ठेवतात. बाहेर तशी पाटीही असते.

मोजून शिजवणारी खानावळ

खानावळीचा पाया मोजणीवर उभा आहे. साताऱ्याकडची माणसं मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेली, तेव्हा गिरणगावातल्या बायका त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. किती डोकी, किती भाकऱ्या, याचा हिशोब सकाळीच ठरलेला असे. या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. वडूजची चांगली खानावळही असाच हिशोब धरते. आज वार कोणता, बाजार आहे का, कोर्टाला सुट्टी आहे का, हे बघून ती मटण आणते. अडीच वाजता गेलात आणि ‘पाव्हणं, मटण संपलं’ असं कानावर आलं, तर रागावू नका. ती त्या खानावळीची सर्वात पक्की खूण आहे. पुढच्या खाण्याच्या वारी साडेबाराला जा. रात्री दहालाही वाट्टेल तेवढं मटण, वाट्टेल त्या प्रकारात मिळत असेल, तर ते फ्रीजमधून येतं.

ही रीत आपल्याच भागापुरती नाही. दक्षिण थायलंडमधलं त्रांग हे गाव सकाळच्या डिमसमसाठी नावाजलेलं आहे. डिमसम म्हणजे पातळ पारीत सारण भरून बांबूच्या छोट्या टोपल्यांत वाफवलेले चिनी पदार्थ. आपल्या उकडीच्या मोदकाचे ते लांबचे भाऊबंद. चिनी वंशाच्या घरांनी ते तिथं रुजवलं. भोवताली रबराच्या बागा आहेत आणि रबराचा चीक रात्री-पहाटे काढतात. त्यामुळं तिथली डिमसमची दुकानं उजाडायच्या आत उघडतात. त्रांगमध्ये चांगलं डिमसम शोधणाऱ्यानंही पहाटे उठावं, कामावरून परतलेली माणसं जिथं चहा घेत बसली आहेत तिथं बसावं आणि टोपली वाफाळत पुढ्यात येते का ते पाहावं. दुपारी बाराला जाऊन डिमसम शोधणारा आणि गुरुवारी रात्री वडूजमध्ये मटण शोधणारा, दोघांचीही निराशा होणारच. जेवण चांगलं कुठं मिळतं, हे तिथली माणसं कधी राबतात आणि कधी जेवतात यावर ठरतं.

शेवटी एक विनंती. चांगली खानावळ सापडली की मोबाइलवर नुसते तारे देऊन थांबू नका. कुठल्या वारी गेलात, किती वाजता, काय खाल्लं आणि भाकरी समोर केली का, एवढं लिहा. पाच-सहा जण जाणार असाल, तर सकाळीच फोन करून आकडा कळवा. त्यामुळं तुमचं ताट ताजं राहतं आणि मोजून शिजवणाऱ्या त्या मावशीचं अन्न वाया जात नाही.