डबेवाल्याचा हिशेब

२०२० च्या मार्चात मुंबईची लोकल थांबली आणि चाकरमान्यांबरोबर डबेवाल्याचाही रोजगार बुडाला. लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल खुली झाली. कचेऱ्या पुन्हा भरू लागल्या व सारे पूर्ववत झाले, असे सर्वांनी मानले. वस्तुस्थिती तशी नव्हती. कित्येक कचेऱ्यांतील मंडळी आठवड्यातून दोनतीनच दिवस येऊ लागली. एरवी काम घरी, जेवणही घरीच. १८९० च्या सुमारास सुरू झालेला डब्यांचा हा धंदा मात्र महिन्याच्या ठरावीक पैशांवर चालत आलेला. अर्ध्या आठवड्याचा डबा वाहणाऱ्याने मावळातल्या आपल्या घरी अर्धेच पैसे धाडावयाचे काय? घरबसल्या कामाचे गोडवे गाणाऱ्यांनी (त्यांत आम्हीही आलो) हा हिशेब मांडलेला नाही.