फ्रँकफर्टचे रंग कामगार आणि लघवीची पिशवी

1895 मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांच्याकडे मूत्राशयात गाठ झालेले काही रुग्ण आले. ते सगळे फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवण्याच्या कामातले होते. त्या काळी कृत्रिम रंगांचा धंदा जोरात होता आणि ते बनवताना निघणाऱ्या वाफा कामगार रोज छातीत भरून घेत होते. आजाराचं मूळ कारखान्यातच आहे, हे रेन यांनी ओळखलं आणि दोष ॲनिलिन या रसायनाला दिला. नेमके गुन्हेगार पुढे सापडले: बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन ही अमाइन जातीची रसायनं. 1938 मध्ये अमेरिकेत विल्हेल्म ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन देऊन कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी निर्माण करून दाखवल्या.

श्वासातून किंवा कातडीतून शिरलेलं रसायन नेमकं मूत्राशयालाच का भोवतं? यकृत या अमाइनांवर प्रक्रिया करून ती बाहेर टाकण्याजोगी करतं, मूत्रपिंडं ती रक्तातून गाळतात आणि ती लघवीत उतरतात. मात्र आम्लधर्मी लघवीत यातल्या काही संयुगांचे बंध सुटतात आणि त्यांचं घातक रूप पुन्हा मोकळं होतं. लघवी पिशवीत तासन् तास साठून राहते. तेवढा वेळ आतल्या अस्तराच्या पेशी त्या रसायनात भिजत असतात, त्यांच्या डीएनएला इजा होत राहते. गाठ दिसायला बहुधा वीस-पंचवीस वर्षं जातात. कामगार निवृत्त होऊन घरी बसलेला असतो, तेव्हा जुन्या नोकरीची आठवण कोणाला होणार? डॉक्टरांनी ती मुद्दाम विचारायला हवी. रंग, रबर, चामडं आणि रंगारीकाम या व्यवसायांशी या रोगाचं नातं आढळलेलं आहे.

बीटा-नॅफ्थिलअमाइन सिगारेटच्या धुरातही असतं, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे तंबाखू म्हटलं की तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग आठवतो, लघवीची पिशवी कोणाच्या डोक्यातही येत नाही. प्रत्यक्षात धूम्रपान हेच मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आहे. ओढणाऱ्याला धोका न ओढणाऱ्याच्या तीन-चार पट. सोडल्यावर तो वर्षागणिक उतरतो, म्हणून साठीत सोडणंही वाया जात नाही.

इतर कारणं प्रदेशागणिक बदलतात. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराला 1958 पासून 1970 पर्यंत आर्सेनिकयुक्त नदीचं पाणी मिळालं. ते शुद्ध होऊ लागल्यानंतरही कित्येक वर्षं तिथे मूत्राशयाचे कर्करोग जास्त आढळत राहिले. इजिप्तमध्ये नाईलच्या कालव्यांतल्या गोगलगायींमार्फत पसरणारा शिस्टोसोमा हा कृमी कारण ठरला. त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून दाह पेटता ठेवतात. या कृमीचा एक लहानसा टापू 1952 मध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावातही सापडला होता.

या रोगाचं पहिलं लक्षण बहुतेकदा लघवीतून रक्त जाणं हे असतं, आणि तेही न दुखता. एक दिवस लघवी लालसर होते, दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वच्छ. माणूस म्हणतो, ‘उष्णता झाली असेल’, आणि सब्जा पिऊन विषय संपवतो. पुरुषांत हा रोग तीन-चार पट जास्त असल्यामुळे बायकांच्या बाबतीत तर ‘इन्फेक्शन’ म्हणून गोळ्यांचे कोर्सवर कोर्स होतात आणि निदान लांबतं. लवकर सापडलेली वरवरची गाठ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढता येते. ती पुन्हा उगवू नये म्हणून काहींच्या मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, बाळांना टोचतात तीच क्षयाची लस. हा उपचार 1976 पासून चालत आला आहे. गाठ स्नायूपर्यंत गेली, तर मात्र बऱ्याचदा पूर्ण मूत्राशय काढावं लागतं.

लघवीत एकदाच रक्त दिसलं आणि आपोआप थांबलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आयुष्यात कुठे कुठे काम केलं आणि किती वर्षं बिडी-सिगारेट ओढली, हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.