नोकरी सांभाळून एम.ए. : कला शिकवणाऱ्या ताईंसाठी आणि त्यांच्या गटासाठी

आज बोलायचं आहे ते एका गटाकडून आलेल्या प्रश्नावर. गटातल्या एक ताई शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना नोकरी न सोडता एम.ए. करायचं आहे आणि फीसाठी गटातून कर्ज हवं आहे. गटातल्या निम्म्या बायका म्हणतात, द्या. निम्म्या म्हणतात, शिकून मानधन वाढणार आहे का? आणि वाढणार नसेल, तर कर्ज फिटायचं कुठून? प्रश्न रास्त आहे. शिक्षणाचं नाव काढलं की सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि पैशाचं कुणी बोलायचं नाही, असं गटात चालत नाही.

आधी या ताईंची नोकरी काय असते ते पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात असं आहे की सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० पेक्षा जास्त मुलं असतील, तर त्या शाळेत कला, कार्यानुभव आणि आरोग्य-शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. अंशकालीन म्हणजे ठरलेल्या तासांपुरते. आपल्या भागातल्या बऱ्याच चित्रकलेच्या, संगीताच्या बाई अशा मानधनावर आहेत. कुणी खासगी शाळेत आहेत, कुणी घरी हार्मोनियमचे वर्ग घेतात, कुणी सुट्टीत मुलींना नाच शिकवतात. काम मनापासून करतात, पण आदेश दर वेळी नवा, आणि सुट्टीच्या महिन्यांत पैसे येतीलच असं नाही.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. एम.ए. झालं म्हणून अशा कामाचं मानधन आपोआप वाढत नाही. ते नेमणुकीच्या आदेशावर ठरतं, पदवीवर नाही. मग एम.ए. कशाला? तर पुढचं दार उघडायला. अकरावी-बारावीला शिकवायचं तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागतं. सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण आणि वर नेट किंवा सेट परीक्षा. राखीव प्रवर्गांना या परीक्षांसाठी गुणांची अट ५० टक्के आहे. नेटमध्ये संगीत, दृश्यकला हेही विषय आहेत, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. त्यामुळे गटाने ताईंना विचारायचा पहिला प्रश्न हा, की ताई, या पदवीचा कागद तुम्ही कुठल्या टेबलावर ठेवणार आहात? उत्तर ‘ज्युनियर कॉलेज’ असेल तर एक वाट, ‘कॉलेज’ असेल तर दुसरी. ‘मला माझ्या विषयात खोल जायचंय, नोकरीचं नंतर पाहू’ हेही उत्तर आहे, आणि आमच्या मते ते कमी दर्जाचं नाही. फक्त मग कर्जाचा हप्ता आत्ताच्या कमाईतून बसतो का, ते पाहायचं.

दुसरी गोष्ट सगळ्यात जास्त घोटाळ्याची आहे. कलेच्या क्षेत्रात परीक्षा पुष्कळ, प्रमाणपत्रं पुष्कळ, आणि सगळी पदवीसारखी दिसतात. पण दिसणं वेगळं, असणं वेगळं.

संगीताचंच घ्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांच्या शिष्यांनी पुढे १९३१ मध्ये अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्याच्या परीक्षा आज गावोगावच्या केंद्रांवर होतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारद, आणि शेवटी अलंकार. गायन, वादन, नृत्य तिन्ही आहे. घरचं, शाळेचं सांभाळून गुरूकडे शिकावं आणि परीक्षेला जावं, अशी ही सोय सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विचारातून आलेली आहे, आणि नोकरी करणाऱ्या बाईला याहून सोयीचं शिक्षण क्वचितच सापडेल. विशारद पदवीच्या तोडीची आणि अलंकार पदव्युत्तर पदवीच्या तोडीची धरतात. पण ‘तोडीची धरतात’ आणि ‘पदवी आहे’ यात फरक आहे. मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे. काही ठिकाणी अलंकार चालतं, काही ठिकाणी चालत नाही. ते त्या विद्यापीठाच्या नियमात किंवा नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. विशारद झालेल्या पण पदवीधर नसलेल्या ताईंनी एम.ए.च्या प्रवेशाआधी तर नक्कीच विचारायचं, कारण बहुतेक ठिकाणी एम.ए.ला कुठल्या तरी विद्यापीठाची पदवी लागतेच.

चित्रकलेत तसंच. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शाळेतल्या मुलांच्या परीक्षा. त्यानंतरची कला शिक्षक पदविका, जिला आपण ए.टी.डी. म्हणतो, ती शाळेत चित्रकला शिकवायला उपयोगी. पण ती पदविका आहे. तिच्या जोरावर थेट एम.ए. होत नाही, मध्ये पदवीची पायरी असते.

आता घरी राहून एम.ए. कुठे होतं? नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, आणि तिथलं बरंचसं अभ्याससाहित्य मराठीत आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं. मुंबई विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं महिला विद्यापीठ, यांचीही दूरस्थ शिक्षणाची केंद्रं आहेत. अशा मान्यताप्राप्त विद्यापीठांची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे. ‘पत्रव्यवहाराचं एम.ए. म्हणजे दुय्यम’ असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

एक अडचण मात्र खरी आहे. जे हातानं करायचं, ते टपालानं येत नाही. उपयोजित कलेसारख्या शाखांना दूरस्थ पद्धतीची परवानगीच नाही. चित्र, शिल्प, नाट्य, नृत्य यांचं चांगलं पदव्युत्तर शिक्षण बहुतेक ठिकाणी रोज हजर राहून घ्यावं लागतं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र घ्या किंवा मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी, दोन्ही शहरात. तालुक्याला नोकरी असलेल्या बाईला ते कसं जमणार? म्हणून बऱ्याच ताई जवळचा विषय घेतात. कुणी मराठी, कुणी शिक्षणशास्त्र, कुणी समाजशास्त्र. इग्नूमध्ये लोकसाहित्य आणि संस्कृती अभ्यासाचंही एम.ए. आहे. माध्यम कोणतं, पुस्तकं कोणत्या भाषेत, ते प्रवेशाआधी पाहून घ्यायचं.

जवळचा विषय म्हणजे तडजोड, असं आम्हाला वाटत नाही. वारली चित्रंच पाहा. लग्नघरात भिंतीवर चौक लिहायचं काम परंपरेनं सुवासिनींचं होतं, आणि त्या वेळी गाणी म्हणणाऱ्या धवलेरीही बायकाच. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला जगभर पोचली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज शाळेत मुलं वहीत वारली काढतात तेव्हा चौक कशासाठी होता, कोण काढायचं, कुठल्या गाण्याबरोबर काढायचं, हे सांगणारी बाई हवी. चित्रकला शिकवणाऱ्या ताईंनी लोकसाहित्याचा अभ्यास केला तर त्यांच्या चित्रकलेच्या तासाला अर्थ येतो. तसंच जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. म्हणजे जे आपल्या सासूबाईंच्या तोंडी होतं, ते अभ्यासाचं साहित्य झालं. तुमच्या गटातल्या ताईंना स्वाध्यायासाठी असं काही लिहायचं असेल, तर त्यांना फार लांब जायला नको. गटाच्या बैठकीतच चार मावश्या बसलेल्या असतात.

आता वेळेचं बोलू. अर्धवट सोडलेल्या एम.ए.चं कारण बहुतेक वेळा हेच असतं. इग्नूचं उदाहरण घेऊ, बाकीकडे थोडाफार फरक असतो. एम.ए. कमीत कमी दोन वर्षांचं, पण चार वर्षांपर्यंत पुरं करता येतं. प्रवेश जानेवारीत आणि जुलैत. परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. साधारण ३० टक्के गुण घरी लिहायच्या स्वाध्यायाला, ७० टक्के लेखी परीक्षेला. आता हे आपल्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. जूनमध्ये पेरणी, वर शाळा उघडायची गडबड. डिसेंबरात स्नेहसंमेलनाची तालीम. आणि गॅदरिंगला नाच बसवायचे, पडदे रंगवायचे, फलक लिहायचे तर ते कुणी? आपल्याच ताईंनी. बाकीच्या शिक्षकांना मोकळा असतो तो महिना यांना सगळ्यात जड. म्हणून एका वेळी सगळे पेपर अंगावर घेऊ नयेत. दोन-तीन द्यावे, बाकीचे पुढच्या खेपेला. चार वर्षं मिळतात ती यासाठीच. दोन वर्षांत झालं नाही म्हणून घरात कुणी टोमणा मारला तर नियम दाखवावा.

घरच्यांनाही आधी बसवून सांगायला हवं. ‘मी शिकतेय’ एवढं पुरत नाही. संध्याकाळी सात ते नऊ मला कुणी हाक मारायची नाही, रविवारी संपर्क तासाला जायचं तेव्हा दूध कोण घालणार, परीक्षेच्या दिवसांत मुलाचा डबा कोण करणार, असं नावानिशी ठरवावं. शेजारच्या वहिनींना ज्या दिवशी शब्द घ्यायचा, त्या दिवशी आपणही त्यांना काही द्यावं.

पैशाचा हिशेब असा. फी दर वर्षी बदलते, ती माहितीपत्रकात पाहायची. बहुतेक ठिकाणी ती एकदम नाही, वर्षागणिक भरायची असते. मग गटानेही कर्ज दोन टप्प्यांत द्यावं. समजा पहिल्या वर्षाला १०,००० रुपये दिले, महिना दोन टक्के व्याज, दहा हप्ते. मुद्दल दरमहा १,०००. व्याज पहिल्या महिन्यात २००, मग १८०, मग १६०, असं उतरत शेवटी २०. एकूण व्याज १,१०० रुपये. गट हे व्याज शिक्षणासाठी कमी करू शकतो, तो ठराव गटाचा. मानधन ज्या महिन्यांत येत नाही ते महिने हप्त्यातून वगळून ठेवावेत, म्हणजे ताई थकबाकीदार ठरत नाहीत आणि गटात कटुता येत नाही.

फसवणुकीपासून मात्र सावध राहा. ‘एका वर्षात एम.ए.’, ‘परीक्षेला यायची गरज नाही’, असं सांगणारा कुणी भेटला की तिथूनच मागे फिरायचं. राज्याच्या विद्यापीठाला दूरस्थ केंद्र आपल्या राज्याबाहेर चालवता येत नाही, आणि अभ्यासकेंद्र खासगी माणसाला चालवायला देण्यालाही मनाई आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मान्यता असलेल्या विद्यापीठांची आणि विषयांची यादी असते. विद्यापीठाचं नाव आणि विषय, दोन्ही त्या यादीत हवेत. आणि पैसे विद्यापीठाच्या खात्यातच, कुणाच्या हातात नाही.

एम.ए.नंतर पीएच.डी. करावीशी वाटली तर तीही आता अर्धवेळ करता येते. २०२२ च्या नियमांत तशी सोय आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र मात्र लागतं. एरवी सहा वर्षांची मुदत असते, बायकांना दोन वर्षं जास्त मिळू शकतात. बाळंतपणासाठी किंवा मूल सांभाळायला एकूण २४० दिवसांपर्यंत रजाही आहे.

शेवटी कागदपत्रं. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पदवीवर तिसरंच काही, असं अनेकींचं असतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवावी. विद्यापीठ बदलायचं असेल तर आधीच्या विद्यापीठाकडून स्थलांतर प्रमाणपत्र लागू शकतं. ते मिळायला वेळ लागतो आणि कधी दोन खेपा पडतात, म्हणून प्रवेशाच्या तारखा निघायची वाट न पाहता त्याचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा.