कान साफ, पडदा धड, तरी ऐकू येत नाही

"सोयीचं बरं आयकू येते हिले!" तिशीतल्या सुनेला वऱ्हाडातल्या घरात मिळणाऱ्या या टोमण्यामागे कधी कधी हाडाचा आजार असतो. त्याचं नाव ओटोस्क्लेरोसिस. शांत घरात तिला हाक ऐकू येत नाही, पण एसटीत किंवा जिनिंगच्या घरघराटात बोलणं कळतं. हे ढोंग नव्हे. गोंगाटात समोरचा आपोआप आवाज चढवून बोलतो आणि तिला स्वतःला गोंगाट कमीच जाणवतो. डॉक्टर या खुणेवरूनच सावध होतात.

कवटीत आतल्या कानाभोवतीचं हाड एकदा तयार झालं की सहसा बदलत नाही. या आजारात ते जागोजागी झिजतं आणि तिथं नवं हाड चढतं. शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम 3 मिलिमीटरची रिकीब, त्यात जखडते आणि आवाज आत पोचत नाही. रिकीब पडद्याच्या पलीकडे असते, त्यामुळे कानात गरम तेल ओतून काही साधत नाही. कॅल्शियमच्या गोळ्यांनीही ती सुटत नाही.

"बाळंतपणात कानात वारं शिरलं" हे तर घरोघरी ऐकायला मिळतं. वाऱ्याचा इथं काही संबंध नाही. आजार बहुधा विशी ते चाळिशीत दिसू लागतो, बायकांत जास्त आढळतो, आणि तेच बाळंतपणाचं वय. आई, मामा, मावशी कुणाला कमी ऐकू येत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिली तपासणी साधी आहे. नादकाटा वाजवून आधी कानासमोर धरतात, मग कानामागच्या हाडावर टेकवतात. निरोगी माणसाला तो कानासमोर मोठा ऐकू येतो, या रुग्णाला हाडावर. पुढे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी करतात.

ऐकण्याचं मशीन लावल्यानं कान आणखी बिघडतो, हा समज खोटा. या आजारात मशीनचा चांगला उपयोग होतो. शस्त्रक्रियेचा मार्गही आहे: 1956 साली अमेरिकेत जॉन शी यांनी रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम भाग बसवला. आज बारीक पिस्टन बसवतात. दहांतल्या साधारण नऊ जणांना फायदा होतो, मात्र शंभरांत एखाद्याचा तो कान पूर्ण जाऊ शकतो. हे विचारूनच निर्णय घ्यावा.

कान घाण वासाचा वाहत असेल, तर आजार वेगळा असू शकतो. तोही हाड पोखरतो. तिथं थांबूच नका.

सुनेला टोमणा मारण्याआधी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.