चुबुत नदीकाठचं गायमान

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर अर्जेंटिनाचा खालचा भाग बघा. अटलांटिकच्या किनाऱ्यावर पुएर्तो माद्रिन बंदर, त्याच्या दक्षिणेला त्रेलेउ शहर, आणि तिथून पश्चिमेला १७ किलोमीटरवर गायमान. वस्ती जेमतेम काही हजारांची. देश स्पॅनिश बोलणारा, पण इथल्या जुन्या प्रार्थनामंदिरांवर आणि चहाच्या घरांवर पाट्या आहेत वेल्श भाषेत! हे कसं घडलं, हे आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांनी जरूर वाचावं.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. १८४७ च्या सरकारी अहवालानं तर ही भाषाच मागासपणाचं कारण ठरवली. बाला गावचे धर्मोपदेशक मायकेल डी. जोन्स अमेरिकेत ओहायोला राहून आले होते. तिथे गेलेल्या वेल्श मंडळींची मुलं बघता बघता इंग्रजी होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. (ओळखीचं वाटतंय ना?) म्हणून त्यांनी जागा शोधली ती इंग्रजीच्या सावलीपासून लांबची. अर्जेंटिनाला पॅटागोनियावरचा हक्क पक्का करायला वसाहतवाले हवेच होते. २८ मे १८६५ ला लिव्हरपूलहून 'मिमोसा' जहाज निघालं आणि बरोबर दोन महिन्यांनी, २८ जुलैला, सुमारे दीडशे माणसं त्या किनाऱ्यावर उतरली. त्यांत खाणकामगार, कारागीर बरेच. शेती जाणणारे थोडे. आणि समोर काय, तर काटेरी झुडपांचं वाळवंट.

माझं शिक्षण सिव्हिलचं, त्यामुळे मला खरा रस पुढच्या भागात. इथे वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे २०० मिलिमीटर. आपल्या दुष्काळी माण-खटावातही याच्या दुप्पट तरी पडतो. पहिली पिकं गेली. वसाहत गुंडाळायच्या गोष्टी चालू झाल्या. १८६७ साली आरोन जेन्किन्स या शेतकऱ्यानं नदीच्या काठाला चर मारून पाणी शेतात घेतलं. कल्पना मूळ त्याच्या बायकोची, रेचेलची, असं तिथे सांगतात. अँडीजमधून येणारी चुबुत भरून वाहू लागली की तिची पातळी शेतांच्या वर जाते, एवढं साधं निरीक्षण! पण पाणी हवं तेव्हा मिळायचं तर कालवा वरच्या अंगाला, लांबवरून काढावा लागतो. उतार कमी असला की दुसरा इलाज नाही. लोकांनी फावड्यांनी असे मैलोगणती कालवे खणले. वस्तीही वर सरकली. १८७४ मध्ये गायमानला पहिलं घर उभं राहिलं आणि १८८५ साली तिथे नगरपालिका झाली, चुबुत प्रांतातली पहिली. त्याच वर्षी शेतकऱ्यांची सहकारी व्यापारी कंपनी निघाली. खोऱ्यातल्या गव्हाला पॅरिस (१८८९) आणि शिकागो (१८९३) इथल्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळाली.

हे सगळं चालायचं वेल्शमध्ये. पाण्याच्या पाळीची भांडणं, गव्हाचे हिशेब, १८९१ चं 'अ द्रावोद' वर्तमानपत्र, १९०६ ची माध्यमिक शाळा, सगळंच. भाषा तगली ती रविवारच्या भजनांपेक्षा या रोजच्या व्यवहारामुळे, असं माझं मत आहे. आपल्या मंडळात यावर वाद घालायला हरकत नाही.

गायमान हे नाव मात्र वेल्श नाही. ते मूळच्या तेवेल्चे लोकांच्या भाषेतलं, अर्थ 'खडकाळ टोक'. पाव देऊन मांस घेणं, शिकार शिकणं, असे दोघांचे संबंध चांगले होते. पण १८७९ ते १८८५ च्या लष्करी मोहिमांनी तेवेल्चेंचं स्वतंत्र जगणं मोडलं. एकाची भाषा वाचावी म्हणून जी जमीन मिळाली, ती दुसऱ्याची होती. हा हिशेब कुठल्याच वहीत जुळत नाही.

पुढे १८९९ च्या महापुरानं खोरं धुऊन नेलं. १९०२ मध्ये दोनशेहून जास्त लोक कंटाळून कॅनडाला गेले. (पुराला पक्का आळा बसला तो १९६३ साली फ्लोरेंतिनो अमेगिनो धरण पुरं झाल्यावर.) पहिल्या महायुद्धानंतर वेल्सहून नवीन माणसं येणं जवळजवळ थांबलं. शाळा स्पॅनिश झाल्या, १९३० च्या दशकात सहकारी कंपनी बुडाली. व्यवहार गेला तशी भाषा आजीच्या स्वयंपाकघरात आणि प्रार्थनामंदिरात जाऊन बसली.

तिथून तिला परत बाहेर काढलं ते १९६५ च्या शताब्दीनं. वेल्सहून पाहुणे आले, पत्रव्यवहार सुरू झाला. १९९७ पासून तर वेल्समधून दरवर्षी शिक्षक येऊ लागले. वर्गात आता स्पॅनिश आणि इटालियन आडनावांची पोरंही असतात. त्यांच्या घरात वेल्श कधीच नव्हती! काव्य-गायनाच्या स्पर्धा अजून भरतात आणि हीच पोरं त्यांत भाग घेतात.

गेलात तर १९१४ चा रेल्वेचा बोगदा पायी पार करा. गाडी १९६१ मध्येच बंद पडली, जुन्या स्टेशनात आता संग्रहालय आहे. चहाच्या एका घरात १९९५ साली डायना येऊन गेली. तिचा कप त्यांनी जपून ठेवलाय. त्यापेक्षा २८ जुलैच्या सुमारास जा. तेव्हा तिथे ऐन थंडी असते, पण जहाज किनाऱ्याला लागल्याची आठवण म्हणून प्रार्थनामंदिरांत चहा, पाव-लोणी आणि काळा फळांचा केक मांडलेला असतो.