आठ गुणांवर थांबलेला लेब्रॉन

टोरांटोतल्या सामन्याची बातमी जवळपास सगळीकडे एकाच मथळ्याखाली आली : लेब्रॉन जेम्सची विक्रमी मालिका खंडित. मथळा खरा आहे. 4 डिसेंबर 2025 च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळी, लेकर्सच्या या चाळिशीच्या खेळाडूने आठच गुण केले. 6 जानेवारी 2007 पासून साखळी फेरीतल्या एकाही सामन्यात त्याचे गुण दहाच्या खाली गेले नव्हते. सलग 1,297 सामने. मालिका सुरू झाली तेव्हा टी-ट्वेंटीचा पहिला विश्वचषकसुद्धा व्हायचा होता. त्याआधीचा विक्रम मायकेल जॉर्डनचा, 866 सामन्यांचा. तो लेब्रॉनने 2018 मध्येच मागे टाकला होता.

पण मालिका खंडित झाली कशी, ते मथळ्यात नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे. शेवटचे काही सेकंद उरलेत, गुणफलकावर 120-120. लेब्रॉनचा दिवस वाईट गेलाय, सतरा फटक्यांपैकी चारच आत पडलेत. त्या रात्री संघ खांद्यावर घेतला होता ऑस्टिन रीव्हजने, 44 गुण करून. प्रतिस्पर्ध्यांनी रीव्हजला कोंडलं, त्याने चेंडू लेब्रॉनकडे दिला. आता दोन गुण केले की सामनाही खिशात आणि मालिकाही शाबूत. सभागृहातल्या प्रत्येकाला हा हिशेब ठाऊक होता, लेब्रॉनला तर होताच. त्याला कोपऱ्यात रुई हाचिमुरा मोकळा दिसला. त्याने चेंडू तिकडे सोडला, हाचिमुराचा थ्री-पॉइंटर आत, भोंगा वाजला, लेकर्स 123-120. मालिकेबद्दल पत्रकारांनी विचारलं, तर आम्ही जिंकलो, एवढंच सांगून त्याने विषय मिटवला.

या एका पासपुढे त्याचे निम्मे विक्रम मला फिके वाटतात.

विक्रमांचा रतीब एनबीएमध्ये रोजचा आहे. आकडेवारीचं खातं एवढं फोफावलंय की तेविसाव्या हंगामात मंगळवारी अमुक करणारा पहिला खेळाडू, अशा थाटाच्या घोषणा आठवड्याला होतात. तेवीस हंगाम खेळलेला माणूसच मुळात एक. तो त्या हंगामात जे काही करील ते पहिलंच असणार. नोव्हेंबरमध्ये पायातल्या सायटिकेतून उठून तो मैदानात आला आणि व्हिन्स कार्टरचा बावीस हंगामांचा विक्रम मागे पडला. हा विक्रम भारी आहे, पण तो दीर्घायुष्याचा. दहा गुणांची मालिकाही बरीचशी त्याच जातीची. दुखापतीमुळे बाहेर बसलेले सामने तिच्यात धरत नाहीत, बाद फेरीचे सामने वेगळे. आणि त्याच्या दर्जाच्या खेळाडूला दहा गुण म्हणजे काय, तर किमान हजेरी. तरीही एकोणीस वर्षांत एकदाही हजेरी चुकू न देणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हेही कबूल.

ज्या रात्रींसाठी त्याचं नाव पाठ्यपुस्तकात जाईल त्या आठवून पाहा. 7 फेब्रुवारी 2023, लॉस एंजेलिस. एनबीएतल्या सर्वाधिक गुणांचा करीम अब्दुल-जब्बारचा 38,387 चा आकडा ओलांडायला 36 गुण हवे होते. तिसरं सत्र संपायला दहा-अकरा सेकंद असताना मागे झुकत मारलेल्या फटक्याने ते पूर्ण झाले. सामना थांबवला, कुटुंब मैदानात आलं, भाषणं झाली, करीमने हातात चेंडू दिला. लेब्रॉनचे एकूण गुण 38. लेकर्स ओक्लाहोमाकडून 133-130 असे हरले. पुढे 2 मार्च 2024. चाळीस हजार गुण गाठणारा पहिला माणूस. डेन्व्हरविरुद्ध तो सामनाही हरले. (योगायोग असा, की 2 मार्च हीच तारीख विल्ट चेंबरलेनने 1962 साली एकाच सामन्यात शंभर गुण केले त्याची.) साखळी आणि बाद फेरी मिळून पन्नास हजारांचा टप्पा मार्च 2025 मध्ये आला, तो सामना मात्र जिंकला, म्हणजे माझा सिद्धांत काही काटेकोर नाही. तरी मराठी वाचकाला यातली बोच वेगळी समजावून सांगायला नको. सचिनचं शंभरावं शतक 16 मार्च 2012 ला मिरपूरमध्ये झालं आणि बांगलादेशाने तो सामना पाच गडी राखून जिंकला. वर्षभर सगळा देश आकडा मोजत होता, आकडा आला आणि सामना गेला.

चेंडू मोकळ्या माणसाला देण्याची ही खोड लेब्रॉनला नवी नाही, आणि तिच्यासाठी त्याने शिव्याही पोटभर खाल्ल्या आहेत. 21 मे 2007. पूर्व विभागाची अंतिम लढत, डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्ध पहिला सामना. बावीस वर्षांचा लेब्रॉन, क्लीव्हलँड दोन गुणांनी मागे, काही सेकंद बाकी. तो बचाव फोडून बास्केटपर्यंत पोहोचला, अंगावर माणसं धावून आली, आणि कोपऱ्यात डॉनियेल मार्शल एकटा उभा दिसला. पास तिकडे. मार्शलचा थ्री-पॉइंटर कडेवर आदळून बाहेर गेला, 79-76 असा पराभव. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतले क्रीडा-पंडित तुटून पडले : जॉर्डन असता तर त्याने स्वतः मारला असता, याच्यात ती धमक नाही. टोरांटोतला पास आणि हा पास शेजारी शेजारी लावून पाहिले तर निर्णयात तसूभर फरक नाही. एकाने चेंडू आत टाकला, एकाचा बाहेर गेला, एवढंच. पण एकदा तो भित्रा ठरला आणि एकदा निःस्वार्थी. दोन्ही वेळा विशेषण आपण निकाल बघून लावलं.

त्याच मालिकेत, दहा दिवसांनी, त्याने पंडितांना हवं तसं उत्तरही दिलं. पाचव्या सामन्यात क्लीव्हलँडच्या शेवटच्या तीस गुणांपैकी 29 त्याचे, त्यातले अखेरचे 25 तर सलग. दोन जादा सत्रांनंतर 109-107 असा विजय, त्याचे एकूण 48. मी स्वतः मारू शकतो, हे त्याने सिद्ध केलं आणि मग पुढची अठरा वर्षं पुन्हा पास देत राहिला.

आकडे काढायचेच तर पासांचे काढा. गुणांच्या यादीत तो पहिला, आणि असिस्टच्या, म्हणजे बास्केट घडवणाऱ्या पासांच्या, यादीत पहिल्या चारांत. त्याच्यापुढे जॉन स्टॉकटन, ख्रिस पॉल आणि जेसन किड, तिघेही पास देण्याचीच भाकरी खाणारे पॉइंट गार्ड. चाळीस हजार गुण, दहा हजार रिबाउंड, दहा हजार असिस्ट हे तिन्ही एका नावापुढे दुसऱ्या कुणाच्या नाहीत. करीमची जात पूर्ण वेगळी होती.

करीमबद्दल जरा जास्त लिहितो, कारण लेब्रॉनच्या कौतुकात या माणसाला आपण हातात चेंडू देणारा म्हातारा करून टाकलंय. सात फूट दोन इंच उंची. शाळेत, पाचवीत असताना, बास्केटच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून दोन्ही हातांनी फटके मारण्याचा एक जुना सराव त्याला शिकवला गेला. त्यातून पुढे त्याचा ‘स्कायहूक’ तयार झाला. बचाव करणाऱ्याला डाव्या खांद्याच्या पलीकडे ठेवायचं, डाव्या पायावर उठायचं, उजवा हात बाजूने सरळ वर न्यायचा आणि डोक्याच्याही वर, अगदी शेवटी मनगटाने चेंडू सोडायचा. अडवणाऱ्याचा हात तिथपर्यंत पोहोचायचा तर आधी त्याला करीमचं अख्खं शरीर ओलांडायला हवं. 1967 मध्ये अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलने डंक मारायलाच बंदी घातली. हा नियम याच पोराला रोखायला आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत. त्याने गुपचूप हूक आणखी घोटला. 5 एप्रिल 1984 ला लास व्हेगासमध्ये त्याने विल्ट चेंबरलेनचा 31,419 चा विक्रम मोडला, तोही मॅजिक जॉन्सनच्या पासवर, सात फूट चार इंचांच्या मार्क ईटनच्या डोक्यावरून, त्याच स्कायहूकने.

एवढा बिनतोड फटका, आणि आज तो मारणारा जवळपास कुणी नाही. कारण साधं आहे : थ्री-पॉइंटर. एनबीएत ही रेष 1979-80 च्या हंगामात आली, तोवर करीमची निम्मी कारकीर्द होऊन गेली होती. साखळी फेरीतले त्याचे थ्री-पॉइंटर किती? एक. लेब्रॉनने विक्रम मोडला तेव्हा त्याचे दोन हजारांहून जास्त होते. दुसरीकडे, करीमला विक्रमासाठी 1,560 सामने मिळाले, लेब्रॉनने 1,410 सामन्यांत तो गाठला. पण करीम विद्यापीठ पुरं करून बाविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला, लेब्रॉन शाळेतून थेट, अठराव्या वर्षी. कोण थोर, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. या दोन रकमा एका पानावर मांडून बेरीज-वजाबाकी होत नाही, असं माझं मत आहे.

दोघांत फारसं सख्य नव्हतं. करीमने कोविडच्या लशीच्या प्रश्नावर लेब्रॉनला जाहीर चिमटे काढले होते, लेब्रॉननेही आमचं काही नातं नाही म्हणून सांगितलं होतं. विक्रम मोडल्यावर करीमने लिहिलं त्यात या दुराव्याचा दोष त्याने स्वतःकडे घेतला. अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालेला हा माणूस आता लेखक म्हणूनच जास्त ओळखला जातो, आणि ते पान त्याच्या हूकइतकंच सफाईदार होतं.

लेब्रॉनच्या आयुष्यातले बाकीचे टप्पे वाचकांना पाठ आहेत, भरभर घेतो. ओहायोतलं ॲक्रन गाव, सोळाव्या वर्षी आई झालेली ग्लोरिया, सतत बदलणारी बिऱ्हाडं. 2003 मध्ये पहिल्या क्रमांकावर क्लीव्हलँडकडे. 2010 मध्ये टीव्हीवर तासभराचा कार्यक्रम करून मायामीला जाण्याची घोषणा. ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात भंपक रात्र, याबद्दल त्याचे चाहतेही वाद घालत नाहीत. मायामीत 2012 आणि 2013 ची विजेतेपदं. मग परत घरी, आणि 2016 मध्ये साखळीतले 73 सामने जिंकून आलेल्या गोल्डन स्टेटविरुद्ध 3-1 ने मागे असताना 4-3 असा विजय. क्लीव्हलँड शहराला मोठ्या खेळात 52 वर्षांनी विजेतेपद मिळालं. 2020 मध्ये लेकर्सकडून चौथं. ऑलिम्पिकची तीन सुवर्णं, शेवटचं पॅरिसला. आणि 22 ऑक्टोबर 2024 ला मुलगा ब्रॉनीबरोबर एकाच संघातून मैदानात. एनबीएत बाप-लेकाची अशी जोडी पहिलीच. ब्रॉनीची निवड 55 व्या क्रमांकावर झाली होती, आणि आडनाव दुसरं असतं तर ती झाली असती का, हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

आपल्याशी याचा संबंध जोडायचा तर तो ओढूनताणूनच, पण एक धागा मजेदार आहे. लेब्रॉनचा पहिला एनबीए सामना 29 ऑक्टोबर 2003 ला सॅक्रामेंटो किंग्जविरुद्ध झाला. 25 गुण, आणि त्या पहिल्याच रात्री नऊ असिस्ट. करीमचा सर्वाधिक मिनिटांचा विक्रम, 57,446 मिनिटांचा, त्याने 2024 मध्ये मोडला तोही सॅक्रामेंटोतच. या किंग्ज संघाचे 2013 पासूनचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले. ऑक्टोबर 2019 मध्ये त्यांनी आपला संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आणला, इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सामने झाले. पहिल्या सामन्याला शाळकरी पोरांनी सभागृह दणाणून सोडलं होतं.

त्या पोरांना लेब्रॉनचे चाळीस हजार गुण तोंडपाठ असतील. पण आपल्याकडे नागपूर असो की नागपाडा, सामन्याच्या अधिकृत गुणपत्रिकेत काय लिहिलं जातं? कुणी किती गुण केले, कुणाचे किती फाउल झाले. पास कुणी दिला याला तिथे रकानाच नाही. असिस्ट मोजायचे तर वेगळा माणूस बसवावा लागतो, आणि शाळेच्या स्पर्धेत तो कोण बसवणार? मग प्रशिक्षकाला, पालकांना आणि वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी देणाऱ्यालाही फक्त गुण करणारा दिसतो. मुलंही शहाणी असतात, जे मोजलं जातं ते करतात.

तेव्हा ज्यांची मुलं यंदा आंतरशालेय स्पर्धांत खेळताहेत अशा पालकांना एक विनंती. गॅलरीत मोबाइलवर चित्रीकरण करायला दहा जण असतातच. त्यातल्या एकाने शंभर पानी वही घ्यावी, दोन्ही संघांची नावं लिहावीत आणि बास्केट झालं की आधीचा पास कुणाचा होता ते नावापुढे एका रेघेने टिपावं. सामना संपला की वही प्रशिक्षकाच्या हातात द्यावी.