रस्ता कोणाच्या मालकीचा?

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी राज्यात स्टार्कव्हिल नावाचे एक लहानसे शहर आहे. वस्ती पंचवीस हजारांच्या आतबाहेर. १८७८ साली स्थापन झालेले राज्य विद्यापीठ हाच गावाचा मुख्य आधार. विद्यार्थ्यांची खोलीभाडी, खाणावळी आणि फुटबॉलच्या हंगामात लोटणारी गर्दी यांवर तेथील बाजारपेठ चालते. २०१८ च्या फेब्रुवारीत या गावच्या नगरमंडळापुढे एक साधा अर्ज आला. समलिंगी व पारलिंगी नागरिकांच्या स्थानिक संघटनेला मार्चमध्ये मुख्य रस्त्यावरून मिरवणूक काढावयाची होती. १९७० पासून न्यूयॉर्कसारख्या महानगरांत 'प्राइड' या नावाने अशा मिरवणुका निघत आल्या आहेत. स्टार्कव्हिलमधील ही पहिलीच.

२० फेब्रुवारीच्या सभेत अर्जाच्या बाजूने बोलणारे नागरिक पुष्कळ होते, विरोधात बोलणारे अगदी थोडे. मतदान झाले तेव्हा तीन विरुद्ध चार मतांनी परवानगी नाकारण्यात आली. नकार देणाऱ्या चौघांनी सभेत कारण सांगितले नाही. कारण न देता नकार देता येतो, ही समजूत म्युनिसिपालिटीच्या पायऱ्या झिजविलेल्या कोणाही मराठी माणसाला नवी वाटणार नाही!

या गावाची पूर्वपीठिकाही ध्यानात घ्यावयास हवी. १९७३ मध्ये मिसिसिपीतील समलिंगी व्यक्तींच्या एका संघटनेने विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रात पैसे भरून जाहिरात देऊ केली. संपादकाने ती नाकारली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये संपादकाचे स्वातंत्र्य मान्य करणारा निकाल लागला. पुढे २०१४ च्या जानेवारीत याच नगरमंडळाने समलिंगी नागरिकांच्या समानतेचा ठराव संमत केला. तसा ठराव करणारे मिसिसिपीतील हे पहिलेच शहर होते. त्याच वर्षी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना आपल्या जोडीदारासाठी आरोग्यविमा घेण्याची सोयही झाली. वर्ष उलटते न उलटते तोच, २०१५ च्या जानेवारीत, ठराव आणि विमा दोन्ही मागे घेण्यात आले. बहुमताने दिलेले बहुमतानेच काढून घेतले. विम्यासारख्या सवलतीच्या बाबतीत हे एक वेळ समजू शकते. रस्त्याची गोष्ट तशी आहे काय?

वस्तुतः रस्ता ही नगरमंडळाची मालमत्ता नव्हे. नगरमंडळ तिचे विश्वस्त. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मार्गाने हे ठरविण्याचा त्यास अधिकार आहे, कारण एकाच वेळी दोन मिरवणुका एका चौकात मावत नाहीत. गणेशोत्सवात आपल्याकडेही मार्ग आणि क्रम ठरवून दिले जातातच. परंतु चालणारा कोण आणि तो काय म्हणतो यावरून परवानगी ठरू लागली की विश्वस्त मालक झाला असे समजावे.

शेजारच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात हे पूर्वी घडून गेले आहे. १९६३ च्या गुड फ्रायडेस कृष्णवर्णीय नागरिकांचा बावन्न जणांचा एक गट परवान्याविना, पण शांतपणे, पदपथावरून चालला म्हणून पकडला गेला. परवाना देण्याचा अधिकार ज्या शहर-आयोगाकडे होता त्यास शांतता, सभ्यता, नीतिमत्ता असल्या कोणत्याही सबबीखाली नकार देता येत असे. फ्रेड शटल्सवर्थ या धर्मोपदेशकाची शिक्षा रद्द करताना १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे मोकाट अधिकार घटनाबाह्य ठरविले.

दुसरा प्रश्न खर्चाचा. अप्रिय माणसे रस्त्यावर आली की विरोधक जमतात, पोलीस वाढवावे लागतात, आणि त्याचा भार करदात्यावर पडतो. मग मिरवणूकवाल्यांनीच तो का सोसू नये? हिशेब वरवर सरळ दिसतो. जॉर्जिया राज्यातील फोर्सिथ काउंटीने असाच नियम करून दिवसाला हजार डॉलरपर्यंत शुल्क लावण्याची सोय करून ठेवली होती. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. ज्याच्या बोलण्याने इतर चिडतात त्यालाच अधिक महाग रस्ता विकणे म्हणजे चिडणाऱ्यांच्या हाती किंमत ठरविण्याची सत्ता देणे होय. गंमत अशी की तो खटला लढविणारी संघटना वर्णद्वेष्टी होती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे असलेल्या सुटीविरुद्ध तिला निदर्शने करावयाची होती. तिने मिळविलेल्या निकालाची सावली पुढे तिला अप्रिय असणाऱ्यांनाही मिळाली.

स्टार्कव्हिलच्या संघटनेनेही न्यायालयाचा मार्ग धरला. तिच्या वकील होत्या रोबर्टा कॅप्लन. विवाहाच्या केंद्रीय व्याख्येतून समलिंगी दांपत्यांना वगळणारी तरतूद २०१३ मध्ये ज्या खटल्यात रद्द झाली, तो त्यांनीच लढविला होता. ६ मार्चला विषय पुन्हा नगरमंडळापुढे आला. पूर्वी विरोधी मत देणारा एक सदस्य या वेळी तटस्थ राहिला आणि मते तीन-तीन अशी समसमान झाली. अशा प्रसंगीच नगराध्यक्षांस मत देता येते. लिन स्प्रुइल या नगराध्यक्षा एकेकाळी नौदलात वैमानिक होत्या आणि २०१७ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक अवघ्या सहा मतांनी जिंकून पुढे आलेल्या. त्यांनी निर्णायक मत परवानगीच्या बाजूने टाकले. २४ मार्च, शनिवारी, सुमारे अडीच हजार लोक त्या रस्त्याने चालले. गावाच्या लोकसंख्येशी हे प्रमाण दहास एक असे पडते. मिरवणूक शांततेत पार पडली.

अशा सोहळ्यांनी हॉटेले भरतात, दुकाने चालतात, तेव्हा विरोध कशाला, असा युक्तिवाद हितचिंतकांकडून हमखास होतो. तो घातक आहे. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्याने पारलिंगी व्यक्तींविरुद्ध कायदा केला तेव्हा एका मोठ्या कंपनीने तेथील चारशे नोकऱ्यांचा बेत रद्द केला, बास्केटबॉलचा वार्षिक सामना राज्याबाहेर गेला, आणि वर्षभरात कायद्याचा मोठा भाग मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी गरीब मिसिसिपीने, धार्मिक श्रद्धेच्या आधारे समलिंगी व्यक्तींना सेवा नाकारण्यास संरक्षण देणारा कायदा केला. तो २०१७ च्या ऑक्टोबरात अमलात आला. ज्याच्याकडे गमावण्यासारखे थोडे, त्याला बहिष्काराची भीती ती काय? गल्ल्यावर उभा केलेला हक्क गल्ला आटला की बुडतो.

परवानगीचा हा प्रश्न मुंबईलाही परका नाही. सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे स्टार्कव्हिलच्या मिरवणुकीनंतर साडेपाच महिन्यांनी. तथापि २०२० च्या फेब्रुवारीत ऑगस्ट क्रांती मैदानावरून निघावयाच्या मिरवणुकीस पोलिसांनी परवानगी नाकारली. राजकीय घोषणा होतील ही शक्यता पुढे करण्यात आली, आणि जमावयाचे ते आझाद मैदानावर. गुन्हा संपला तरी रस्ता अर्जावरच मिळावयाचा राहिला.

स्टार्कव्हिलमध्ये शनिवारी चाललेल्या माणसाला सोमवारी कामावरून काढून टाकले असते तर त्यास दाद मागण्यास भक्कम आधार नव्हता. समलिंगी वा पारलिंगी असल्याच्या कारणावरून नोकरीतून काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० रोजी स्पष्ट केले. मात्र ज्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा अर्थ लावून हा निर्णय झाला, त्यातील नोकरीविषयक तरतूद पंधरा वा अधिक नोकर असलेल्या मालकांनाच लागू होते. लहान गावातील मुख्य रस्त्यावरच्या किती दुकानांत पंधरा माणसे कामाला असतात, हे कोणाही दुकानदाराला विचारावे.